अनारसे: कोजागरीपासून वसुबारसेपर्यंत

दिवाळीच्या फराळातले बहुतेक पदार्थ करायला घेतले त्याच दिवशी तयार होतात आणि चुकले तर त्याच दिवशी सावरताही येतात. शंकरपाळे कडक झाले तर पुढच्या घाण्यात मोहन वाढवता येते, चकली तुटू लागली तर पिठाला पाण्याचा हात लावून पुन्हा मळता येते. अनारसा मात्र तळला जातो एका दिवशी आणि त्याचे बरेवाईट ठरलेले असते आठ-दहा दिवस आधी, भिजवून निथळलेले तांदूळ पंचावर पसरलेले असताना. तांदळात नेमकी किती ओल शिल्लक असताना ते कुटायला घेतले, यावर पुढचे जवळजवळ सगळे अवलंबून असते, आणि पाककृतीत नेमकी हीच गोष्ट ‘तांदूळ सावलीत सुकवून घ्यावेत’ अशा अर्ध्या वाक्यात उरकलेली असते. म्हणून या लेखात तळणीइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, विचार त्या ओलीचा केला आहे.

दिवसांचा हिशेब

अनारशाचे पीठ गुळात मुरायला किमान चार-पाच दिवस लागतात आणि सात-आठ दिवस मिळाले तर फारच चांगले. त्याआधी तांदूळ पूर्ण तीन दिवस पाण्यात राहिले पाहिजेत. हा हिशेब लक्षात ठेवण्याची सोपी खूण म्हणजे कोजागरी. आश्विन पौर्णिमेला आटवलेले दूध पिऊन झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी तांदूळ भिजत घालावेत. प्रतिपदेला घातलेले तांदूळ चतुर्थीला सकाळी निथळून त्याच दिवशी कुटले, की पीठ वसुबारसेपर्यंत आठ दिवस मुरते आणि धनत्रयोदशीच्या आत अनारसे डब्यात पडतात. तिथीच्या क्षयवृद्धीने एखादा दिवस इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही.

अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे वाण म्हणून देणाऱ्या घरांनी मात्र हवामान पाहावे. २०२६ साली अधिक महिना ज्येष्ठाचा, म्हणजे १७ मे ते १५ जून असा आला आहे, आणि त्या उकाड्यात पाण्यातले तांदूळ आश्विनातल्यापेक्षा फार लवकर आंबतात. अशा दिवसांत पाणी दिवसातून दोनदा बदलावे आणि तयार झालेले पीठ चार दिवसांनंतर बाहेर न ठेवता फ्रिजमध्ये ठेवावे.

तांदूळ, गूळ आणि प्रमाण

तांदूळ जुना, म्हणजे किमान वर्षभराचा असावा. नवा तांदूळ चिकट असतो, त्याचे पीठ गुळात मिसळल्यावर गोळा ताणला जातो आणि तळताना जाळी मोकळी सुटत नाही. साधा कोलम या कामाला उत्तम. इंद्रायणीसारखा चिकट भात होणारा तांदूळ टाळावा आणि उकड्या तांदळाच्या वाटेला तर जाऊच नये. बासमती वापरण्यात पैसे जातात, अनारसा सुधारत नाही.

गूळ पिवळा, मऊ, किसता येईल असा घ्यावा. चिक्कीचा गूळ चुकूनही घेऊ नये, कारण तो मुळात ताणला जाण्यासाठी आणि कडक होण्यासाठीच केलेला असतो. त्याचा अनारसा गार झाल्यावर दाताला दगडासारखा लागतो. गुळात खडे किंवा काड्या असतील तर तो विरघळवून गाळण्याची सोय इथे नाही, म्हणून गूळ पारखूनच घ्यावा. ओडिशातला अरिसा, आंध्रातले अरिसेलू आणि तमिळनाडूतला अधिरसम ही याच कुळातली भावंडे, पण तिकडे बहुधा गुळाचा पाक करून त्यात पीठ घालतात. आपल्याकडे कोरडा गूळ पिठातल्या ओलीनेच विरघळू देतात. पाकाच्या तारेची काळजी त्यामुळे वाचते आणि तिच्या बदल्यात दिवस मोजावे लागतात.

अर्धा किलो तांदळाचे प्रमाण घरगुती फराळाला पुरेसे होते. भिजलेले तांदूळ कुटून चाळल्यावर साधारण ६०० ग्रॅम ओलसर पीठ मिळते. त्यातले १०० ग्रॅम, म्हणजे जेमतेम वाटीभर, पीठ गूळ न घालता घट्ट डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवून द्यावे. ते कशासाठी ते पुढे येईलच. उरलेल्या ५०० ग्रॅम पिठाला ४०० ग्रॅम किसलेला गूळ आणि दोन चहाचे चमचे साजूक तूप लागते. ‘जितके तांदूळ तितका गूळ’ हे जुने प्रमाण याहून वेगळे नाही, कारण ५०० ग्रॅम ओलसर पिठात कोरडा तांदूळ सुमारे ४०० ग्रॅमच असतो आणि बाकी पाणी. गोंधळ होतो तो वाटीने मोजताना, कारण किसलेला गूळ वाटीत दाबला जातो आणि पीठ भुरभुरीत राहते, त्यामुळे ‘समसमान’ म्हणता म्हणता गूळ सव्वापट होऊन बसतो. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा फराळाच्या दिवसांत एवढ्या एकाच कामासाठी काढला तरी सार्थकी लागतो. या प्रमाणात २५ ग्रॅमचे छत्तीसएक अनारसे होतात. तेहतीसच्या वाणाला तीन चाचणीचे धरून ते नेमके पुरतात. यांखेरीज वरून लावायला ५० ग्रॅम खसखस आणि तळायला साजूक तूप लागेल.

भिजवण

तांदूळ दोन-तीन पाण्यांतून स्वच्छ धुऊन स्टीलच्या पातेल्यात घालावेत आणि वर चार बोटे पाणी राहील इतके पाणी ओतावे. दर चोवीस तासांनी ते पाणी काढून, तांदूळ हलक्या हाताने एकदा खळबळून, नवे पाणी घालावे. दुसऱ्या दिवसापासून पाण्यावर बारीक बुडबुडे दिसतात आणि थोडा आंबूस वास येतो. हे आंबणे हवेच आहे, कारण त्यानेच दाणा आतपर्यंत मऊ होतो आणि त्याचे पीठ मैद्यासारखे बारीक निघते. मात्र वास आंबूसपणाच्या पुढे जाऊन कुजका येऊ लागला, पाणी तारेसारखे बुळबुळीत झाले किंवा तांदळावर गुलाबी छटा दिसली, तर ते तांदूळ टाकून द्यावेत, धुऊन वाचवण्याचा प्रयत्न करू नये. तिसरा दिवस संपल्यावर दाणा दोन बोटांत धरून चुरडला तर तो तुटण्याऐवजी त्याची पिठी झाली पाहिजे.

पंचावरची ओल

चौथ्या दिवशी सकाळी तांदूळ रोवळीत किंवा मोठ्या चाळणीत ओतून अर्धा तास निथळू द्यावेत. मग घरातल्या घरात, पंखा बंद ठेवून, कोरड्या सुती पंचावर ते पातळ पसरावेत. ऊन नको, कारण उन्हात वरचा दाणा कोरडा होतो आणि आतला तसाच ओला राहतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी तांदूळ हाताने वरखाली करावेत.

किती वेळ, याचे उत्तर घड्याळात नाही. हवा कोरडी असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत काम होते, ढगाळ दमट दिवशी दीड तासही लागतो. खरी परीक्षा मुठीत होते. मूठभर तांदूळ उचलून घट्ट दाबावेत आणि मूठ उघडावी. पाण्याचा थेंब बोटांच्या फटीतून आला किंवा तळहात ओला झाला, तर अजून वेळ आहे. तळहाताला नुसता गारवा जाणवला, चार-दोन दाणे कातडीला चिकटून राहिले, आणि दाबलेला गोळा क्षणभर तसाच राहून मग आपोआप उलगडला, तर त्याच क्षणी कुटायला घ्यावे. मूठ उघडताच दाणे सळसळत खाली पडले, तर उशीर झाला आहे. अशा वेळी पंचा पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्यावा आणि त्यात ते तांदूळ अर्धा तास गुंडाळून ठेवावेत. गेलेली ओल बऱ्याच अंशी परत येते.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी तांदूळ रात्रभर पंख्याखाली ठेवून सकाळी त्यांचे सुरेख, कोरडे, भुरभुरीत पीठ काढले होते आणि मनातून खूश होते. सासूबाईंनी परातीतले पीठ चिमटीत घेऊन पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, “अगं, गुळाला भिजायला ओल कुठे ठेवलीस?” आठ दिवसांनी डबा उघडला तेव्हा गुळाचा कीस पिठात जसाच्या तसा, वेगवेगळा दिसत होता. त्या वर्षी त्या पिठाच्या गोड धिरड्या झाल्या.

कुटणे आणि गूळ घालणे

आता उखळ कोणाकडे नाही आणि मिक्सरने काम नीट होते, फक्त एका वेळी वाटी-दीड वाटीपेक्षा जास्त तांदूळ घालू नयेत आणि मिक्सर सलग न फिरवता थांबत थांबत फिरवावा, म्हणजे पीठ गरम होऊन त्याची ओल उडत नाही. प्रत्येक घाणा मैद्याच्या चाळणीने लगेच चाळावा आणि वर राहिलेला रवा पुढच्या घाण्यात टाकावा. शेवटी मूठभर रवा उरेलच. तो पिठात न मिसळता दुसऱ्या दिवशीच्या धिरड्यात घालावा, कारण अनारशात गेलेली कणी तळताना तिथेच चीर पाडते. चाळलेले पीठ ओल्या कापडाने झाकून ठेवावे. सगळे चाळून झाल्यावर पिठाचा मुठीत मुटका वळून पाहावा. तो वळला, बोटाने टिचकी मारल्यावर फुटला, म्हणजे ओल बरोबर आहे.

पिठात किसलेला गूळ आणि तूप घालून तळव्याने रगडत एकत्र करावे. सुरुवातीला हे मिश्रण रवाळ आणि हट्टी वाटते, परंतु दहा मिनिटे रगडल्यावर ते हातात गोळा धरू लागते. या टप्प्यावर दूध, पाणी, काहीही घालायचे नाही. मोठे घट्ट गोळे वळून ते स्टीलच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत दाबून भरावेत, मध्ये हवेच्या पोकळ्या ठेवू नयेत, आणि झाकण लावून डबा थंड, अंधाऱ्या जागी ठेवावा. दोन दिवसांनी झाकण उघडून पाहिले, तर गोळ्यांच्या कडा बसलेल्या दिसतील. गुळाला पाणी सुटून पीठ सैलावल्याची ती खूण आहे. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत सगळे मिळून एकजीव, तुकतुकीत, पुरणासारखे मऊ झालेले असते. रोज उघडून बोट लावण्याचा मोह आवरावा. डब्यात बुरशीचा एक जरी ठिपका दिसला, तरी सगळे पीठ टाकावे, वरचा थर काढून उरलेले वापरू नये.

गुळाऐवजी पिठीसाखर घालून पांढरे अनारसे करणारी घरेही आहेत. ते अधिक खुसखुशीत होतात आणि दिसायला नाजूक असतात, पण मला त्यांत अनारशाची चव लागत नाही.

थापणे

तळण्याच्या दिवशी लागेल तेवढेच पीठ काढून ते तळव्याने पाच मिनिटे मळावे. मुरलेले पीठ बऱ्याचदा वरून घट्ट वाटते आणि मळताच सैल होते, म्हणून मळण्याआधी त्यात काही घालण्याची घाई करू नये. मळल्यावरही ते थापताना कडेला फाटत असेल, तर वाटीभर पिठाला पिकलेल्या केळ्याचा चहाचा एक चमचा गर किंवा दुधाचे चार-सहा थेंब लावावेत आणि पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. केळे किंवा दूध लावलेले पीठ परत डब्यात टाकू नये, ते त्याच दिवशी संपवावे.

केळीच्या पानावर किंवा तुपाचे बोट फिरवलेल्या जाड प्लास्टिकच्या कागदावर चिमूटभर खसखस गोलाकार पसरावी, लहान लिंबाएवढी गोळी तिच्यावर ठेवावी आणि बोटांच्या टोकांनी मधून कडेकडे दाबत पुरीएवढा अनारसा थापावा. जाडी सर्वत्र सारखी, दोन-तीन मिलिमीटरच्या आसपास हवी. मध्यभाग जाड राहिला तर तो आत कच्चा राहतो आणि कडा फार पातळ झाल्या तर त्या आधी करपतात. खसखस सढळ हाताने घालण्याचा हौशी प्रघात चांगला नाही, कारण जादा दाणे कढईत सुटतात, तळाशी काळे पडतात आणि पुढच्या प्रत्येक अनारशाला चिकटतात.

तळणे

कढई लहान आणि पसरट घ्यावी, तूप दोन बोटे खोल असावे, आणि एका वेळी एकच अनारसा सोडावा. तूप तापल्याची चाचणी वाटाण्याएवढ्या गोळीने घ्यावी. गोळी तळाला जाऊन सावकाश, बुडबुडे सोडत वर आली तर आच बरोबर. टाकताच वर उसळून लाल झाली तर तूप फार तापले आहे. तळाशीच बसून राहिली आणि पसरू लागली, तर तूप थंड आहे.

अनारसा कागदावरून उचलून, खसखशीची बाजू वर ठेवून, तुपात कडेने अलगद सरकवावा. तो क्षणभर बुडतो आणि मग फुलत वर येतो. आता त्याला उलटायचे नाही. झाऱ्याने कडेचे गरम तूप हलक्या हाताने त्याच्यावर उडवत राहायचे. त्याबरोबर पिठातल्या ओलीची वाफ वरच्या बाजूने वाट काढते, गूळ वितळून तिला जागा देतो, आणि खसखशीच्या मधून एकेक छिद्र उघडत जाळी पडते. ही जाळी मोकळी राहावी म्हणूनच अनारसा उलटत नाहीत. उलटला तर वाफेची वाट बंद होते आणि वरची बाजू सपाट, तेलकट होते. बुडबुडे कमी झाले आणि कडांना बदामी रंग आला, की झारा खाली घालून अनारसा उचलावा, कढईवर तिरपा धरून तूप निथळू द्यावे आणि चाळणीत उभा ठेवावा. या वेळी तो मऊ, वाकणारा असतो आणि नवख्या माणसाला कच्चा वाटून पुन्हा कढईत टाकावासा वाटतो. टाकू नये. पाच-सात मिनिटांत तो आपोआप कुरकुरीत होतो. रंगही बाहेर काढल्यावर एक छटा गडद होतो, म्हणून हवा त्यापेक्षा किंचित फिका असतानाच काढावा.

हसला तर

अनारसा तुपात सोडताच विरघळून कढईभर पसरला, तर तो ‘हसला’ असे म्हणतात, आणि करणारी सोडून बाकी सगळ्यांना ते ऐकून गंमत वाटते. असे झाले की लगेच गुळाला दोष दिला जातो, पण आधी आच पाहावी, कारण कोमट तुपात योग्य प्रमाणाचा अनारसाही हसतो. आच थोडी वाढवून, चाचणीची गोळी पुन्हा टाकून, दुसरा अनारसा सोडावा. तोही हसला तर पिठात गूळ किंवा ओल जास्त आहे असे समजावे. इथे फ्रीजरमधले राखीव पीठ कामी येते. वाटीभर मिश्रणाला त्यातले एक मोठा चमचा पीठ लावून, मळून, अर्धा तास झाकून ठेवावे आणि एकच अनारसा तळून पाहावा, गरज वाटली तर आणखी अर्धा चमचा लावावे. बाजारचे कोरडे तांदळाचे पीठ अगदीच नाइलाज असेल तरच घ्यावे, कारण ते भरड असते आणि त्याने अनारसा हसायचा थांबला तरी खरखरीत होतो. हसलेल्याचा चुरा झाऱ्याने काढून घेतल्याशिवाय आणि तूप गाळल्याशिवाय पुढचा सोडू नये.

याच्या उलट, अनारसा आकार धरून राहिला पण वर जाळी न पडता पुरीसारखा गुळगुळीत आणि कडक झाला, तर गूळ किंवा ओल कमी पडली आहे, किंवा पीठ पुरते मुरलेले नाही. केळ्याच्या गराने किंवा अर्धा चमचा तुपाने फरक पडला तर उत्तम, नाहीतर तळण बंद करून पीठ आणखी दोन दिवस मुरू द्यावे. तळ लवकर लाल होऊन मध्यभाग पिठूळ लागत असेल, तर दोष पिठाचा नाही. तूप जास्त तापल्याने गूळ आधी करपतो, एवढेच आहे. आच उतरवून पाच मिनिटे थांबावे.

पूर्ण गार झाल्याशिवाय अनारसे डब्यात भरू नयेत. गरम असताना एकावर एक रचले तर वाफ धरून जाळी बसते आणि खालचे तुपकट होतात. डब्याच्या तळाशी कागद घालून, जाळीची बाजू वर ठेवून रचले तर पंधरा दिवस कुरकुरीत राहतात. उरलेले, दूध-केळे न लागलेले पीठ घट्ट डब्यात फ्रिजमध्ये महिनाभर सहज टिकते. तुळशीच्या लग्नाला ताजे अनारसे हवे असतील तर ते आदल्या रात्री बाहेर काढून ठेवावे आणि सकाळी मळून थापायला घ्यावे. थंड पीठ थेट मळायला घेतले तर ते दगडासारखे लागते आणि त्यात विनाकारण दूध पडते.